हम्मुराबीच्या तराजूत सगळे डोळे सारखे नव्हते

चतुर्थीच्या आरत्यांच्या वेळा कळवायला काढलेल्या आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच मजकूर फिरतोय. "हम्मुराबी राजाने जगातला पहिला कायदा केला. डोळ्याला डोळा, श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच शिक्षा. घर कोसळलं तर बांधणाऱ्याला देहदंड. म्हणून तेव्हा गुन्हेच नव्हते. आपल्याकडेही असंच होतं, परकीयांनी कायदा मऊ केला." पाठवणारे काका कळकळीचे आहेत आणि त्यांची चीड मला समजते. पण मजकूर चुकीचा आहे.

'पहिला' हे आधी. हम्मुराबी हा प्राचीन बॅबिलोनचा, म्हणजे आजच्या इराकमधला राजा. त्याच भागातल्या ऊर-नम्मू राजाचा सुमेरी कायदा हम्मुराबीच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचा आहे, आणि त्यात इजा केल्याबद्दल बहुतेक ठिकाणी चांदीचा दंड आहे. जुना कायदा म्हणजे क्रूर कायदा, असं गणित बसत नाही.

'सगळ्यांना एकच शिक्षा' हे तर साफ खोटं. कलम १९६ प्रमाणे प्रतिष्ठित माणसाने बरोबरीच्या माणसाचा डोळा फोडला, तर त्याचा डोळा फोडायचा. कलम १९८ प्रमाणे तोच डोळा सामान्य माणसाचा असेल, तर एक मिना (सुमारे अर्धा किलो) चांदी दिली की सुटका. कलम १९९ मध्ये गुलामाचा डोळा, त्याला गुलामाची अर्धी किंमत. आपल्या भाषेत सांगायचं तर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) डोळ्याला डोळा आणि मुंडकाराच्या (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) डोळ्याला पैसे. ज्या गोव्यात मुंडकाराला घरातून हुसकावू नये म्हणून १९७५ साली कायदा करावा लागला, तिथे हा न्याय आदर्श म्हणून कुणी पाठवावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बांधणाऱ्याचं कलम आहे, २२९ वं, पण घर कोसळून मालक मेला तरच. आणि लगेच पुढचं वाचा: घरमालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारायचं. त्या पोराचा गुन्हा काय? त्यापुढचं कलम, मालकाचा गुलाम मेला तर गुलामाच्या बदली गुलाम. आता दक्षिण गोव्यातलं काणकोण आठवा. २०१४ च्या जानेवारीत तिथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याखाली मजूर मेले. हम्मुराबीच्या या कलमांत मालक आहे, मालकाचा मुलगा आहे, गुलाम आहे, सामानसुमानसुद्धा आहे. बांधकामावर राबणारा मजूर कुठेच नाही.

गुन्हे नव्हते म्हणे! मग कलम २३ कशाला? दरोडेखोर सापडला नाही, तर लुटलेल्या माणसाची भरपाई त्या शहराने आणि तिथल्या अधिकाऱ्याने करून द्यायची, असं ते सांगतं. कलम ५ तर निकाल दिल्यावर तो फिरवणाऱ्या न्यायाधीशासाठी आहे: बारापट दंड आणि पदावरून कायमचं खाली. घ्यायचंच असेल, तर मी यातलं घेईन. मजकुरात मात्र नेमकं हेच गाळलंय.

'आपल्याकडेही असंच'? मनुस्मृतीत चोरीला शूद्राला आठपट दंड आणि ब्राह्मणाला चौसष्टपट, पण ब्राह्मणाला देहदंड कधीच नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथात गाठकापूला (खिसेकापूला) पहिल्या गुन्ह्यासाठी अंगठा-तर्जनी छाटणं किंवा ५४ पण (तेव्हाची नाणी) दंड, म्हणजे पैसेवाल्याची बोटं शाबूत. आणि तिथेच कौटिल्य बजावतो की कठोर दंड देणाऱ्या राजाला लोक भितात, सौम्य दंड देणाऱ्याला जुमानत नाहीत, मान मिळतो तो योग्य दंड देणाऱ्याला.

राहिलं 'परकीयांनी मऊ केला'. हे वाक्य गोव्याच्या ग्रुपवर यावं? १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, जुन्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांच्या राज्यातलं चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. आरोपीला आरोप करणाऱ्याचं नावही सांगत नसत. हम्मुराबीचं पहिलंच कलम याच्या उलट आहे: खुनाचा आरोप करून तो शाबीत करता आला नाही, तर देहदंड आरोप करणाऱ्याला.