बीटाडीनने निळं झालं म्हणजे विष?

अमळनेरच्या मावशीने नातवाच्या हातातली सॉसची बाटली हिसकून मोरीत ओतली आणि मला विचारलं, ‘बापू, हाई खरं शे का?’ मोबाइलवर तोच मेसेज, जो आठवडाभर प्रत्येक ग्रुपवर फिरतोय: बाटलीवर घटकांत १४२२ हा घट्टपणा आणणाऱ्या पदार्थाचा क्रमांक म्हणजे प्लास्टिकचा डिंक, त्यात डुकराची चरबी, मका जीएम (जनुकं बदललेला), परदेशात बंदी. खात्री करायची तर बीटाडीनचा थेंब टाका, निळं झालं की समजा विष.

या बीटाडीनने माझं डोकं फिरलं. मावशीच्याच ओट्यावर कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक निवळत होता. वाटीभर काढला, थेंब टाकला. शाईसारखा काळानिळा! बीटाडीनमध्ये आयोडीन असतं आणि आयोडीनने स्टार्च निळा होतो, हे शाळेत बटाट्याच्या फोडीवर दाखवतात. चीक म्हणजे स्टार्चच. मग मावशीने इतकी वर्षं घरादाराला विषाच्या कुरडया तळून घातल्या म्हणायच्या का?

१४२२ हाही स्टार्चच, मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा. दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढतात, त्यात डुक्कर कुठून शिरलं? कॉर्नफ्लोरचं सूप दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं, व्हिनेगर घालून उकळत ठेवलं तर पातळ होतं. ते टाळायला कारखान्यात अ‍ॅसिटिक आणि अ‍ॅडिपिक आम्लांच्या संयुगांनी स्टार्चचे धागे जागोजाग बांधून घेतात. दाणा फुगतो, पण फुटत नाही. ‘मॉडिफाइड स्टार्च’ म्हणतात ते एवढंच, जनुकांशी संबंध नाही. भारतात जीएम मका पेरायला परवानगीच नाही. जीएम बघायचंच असेल तर शेजारच्या शेतातली कपाशी बघा, बीटीला २००२ मध्येच मंजुरी मिळालीय.

बंदीचं तर उलटंच. युरोपात ‘ई १४२२’ हा क्रमांकच मंजुरी असलेल्या पदार्थाला मिळतो. तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये असे १२ स्टार्च पुन्हा तपासले. चिंतेचं काही सापडलं नाही, रोजच्या सेवनाला आकड्यात मर्यादा घालायचीही गरज वाटली नाही.

एक मात्र कबूल करतो, नाइलाजाने. घट्टपणा स्टार्चने आला की टोमॅटो कमी घातल्याचं जिभेला पटकन कळत नाही. आणि पोटात गेल्यावर स्टार्चची साखरच होते, शिवाय सॉसमध्ये मुळात साखर असतेच. शुगरवाल्या काकांना भजी बुडवून बुडवून खा, असं मी सांगणार नाही.

मावशीचा राग आता सॉसवर नाही, माझ्यावर आहे. वाटीभर चीक वाया घालवला म्हणून. ती काळी वाटीही मलाच घासायला लावली.