लाल हटवा, निळा वाढवा

मंगळवारी दुपारी एचआरच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि रिपोर्ट हातात घेतलेले डॉक्टर काढतात तसला आवाज काढून म्हणाल्या, "तुमची मतं काहीही असोत, आम्हाला आदरच आहे. पण लिंक्डइनवर राजकारण नको."

मला म्हणाल्या. मला! अकरा वर्षांत त्या साइटवर मी एक मत मांडलेलं नाही. घरी बातम्या लागल्या की मी टीव्हीशी भांडतो, मेव्हण्याशी तर निवडणूक नसतानाही भांडतो. पण लिंक्डइन उघडलं की माझा चेहरा आपोआप पासपोर्टच्या फोटोसारखा होतो. कुणाला नोकरी लागली, "अभिनंदन!" कुणाची गेली, "पुढील वाटचालीस शुभेच्छा!" या दोन वाक्यांवर मी अकरा वर्षं काढली. एकदा तर हिशेब चुकून नोकरी गेलेल्या माणसाचंच अभिनंदन केलं, पण त्यातही राजकारण नव्हतं.

आता माझा गुन्हा ऐका. थकलेली येणी एक्सेलमध्ये आपोआप रंगवायची युक्ती मी सांगितली होती. कंडिशनल फॉरमॅटिंग. पैसे थकले की खाना लाल, आले की निळा. खरं तर हिरवा घेणार होतो, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही (पुरुषांत हा दोष बराच आढळतो), म्हणून निळा घेतला. माणुसकी नडते ती अशी. तक्त्याचा फोटो लावला आणि वर, जरा चटपटीत वाटावं म्हणून, लिहिलं : "आमचं सगळं धोरण एका ओळीत. लाल हटवा, निळा वाढवा."

पहिल्या तासात तीन लाइक आले. त्यातला एक माझा.

मग ते आले. नाव सांगत नाही, पण त्यांचं प्रत्येक वाक्य "राजकारण बाजूला ठेवून" या शब्दांनी सुरू होतं, तेव्हा आपण त्यांना श्री. बाजूलाठेवे म्हणू. हाताची घडी घातलेला फोटो. खाली "लीडरशिप कोच, वक्ता, आजन्म विद्यार्थी". मी त्यांना ओळखत नाही. आमच्या दोघांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीचे.

"राजकारण बाजूला ठेवून विचारतो," त्यांनी लिहिलं, "लाल रंगाचा एवढा तिरस्कार कशासाठी?"

मी नम्रपणे लिहिलं, "सर, तो थकबाकीचा रंग आहे."

"थकबाकी कुणाची? कष्टकऱ्यांची?"

"नाही सर. तीन डीलरांची."

"म्हणजे आकडेवारी शेवटी व्यापाऱ्यांचीच. बरं. राजकारण बाजूला ठेवून आणखी एक. रंग एफ कॉलमलाच का? डावीकडच्या ए कॉलमला का नाही? तुमचा कल उजवीकडे दिसतो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण हिशेबातला माणूस कॉलमवर घसरलेलं ऐकून घेत नाही. मी लिहिलं, "ए कॉलममध्ये अनुक्रमांक आहेत सर."

"अनुक्रमांक!" चार मिनिटांत उत्तर. "म्हणजे डावीकडचे लोक तुमच्या लेखी नुसते आकडे."

मी फोन उलटा ठेवला. जेवलो. परत बघतो तर गृहस्थ मला सोडून स्वतःशीच वाद घालत होते. दुपारभर लालची बाजू घेतलेली, संध्याकाळी निळ्याची घेतली. "निळा वाढवा म्हणणं सोपं आहे, पण निळ्याने आजवर जे सोसलं त्याचं काय?" या वाक्यावर कुणीतरी टाळ्या वाजवणारे हात उमटवले होते. दुसऱ्या कुणी पेटलेला दिवा, म्हणजे 'विचारप्रवर्तक'. हे दिवे आणि टाळ्या २०१९ पासून आहेत. त्याआधी नुसता अंगठा होता आणि माणसाला इतपतच व्यक्त व्हायची सोय असावी असं माझं मत आहे. (हे माझं पहिलं जाहीर मत. एचआरने नोंद घ्यावी.)

रात्रीपर्यंत लोंढा आला. आणि गंमत अशी, की मी कुणाचा आहे यावर कुणाचं एकमत होईना. ब्रिटनमध्ये लाल म्हणजे मजूर पक्ष आणि निळा म्हणजे हुजूर. अमेरिकेत नेमकं उलट, लाल रिपब्लिकन, निळे डेमोक्रॅट. तेही फार जुनं नाही. २००० सालच्या निवडणुकीपर्यंत तिथल्या टीव्ही वाहिन्या हे रंग आपापल्या मर्जीने वापरत, आणि तेव्हापासून ते आजचे रंग चिकटले. म्हणजे माझ्या त्या एका ओळीने मी लंडनमध्ये हुजूर झालो, न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट, आणि जगातल्या उरल्यासुरल्या कम्युनिस्टांचा वैरी. एकाने मला क्रांतीचा शत्रू म्हटलं, त्याच्या खालच्याने पुरोगामी टोळीचा हस्तक. एकट्या एका सद्गृहस्थाने मनापासून अभिनंदन केलं. त्यांचं काम चीनच्या शेअर बाजाराशी, तिथे लाल म्हणजे भाव चढला. तक्त्यात एवढा लाल बघून त्यांना वाटलं आमचं बरं चाललंय.

थकबाकी कशी वसूल करायची, हे कुणीही विचारलं नाही.

ही साइट २००३ च्या मे महिन्यात सुरू झाली ती माणसांनी नोकऱ्या शोधाव्यात म्हणून. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती २,६२० कोटी डॉलरला घेतली. एक्सेलही त्यांचंच. म्हणजे मी घरच्याच ओसरीवर घरच्याच वस्तूचं कौतुक करत होतो! २०२२ मध्ये तर 'राजकीय मजकूर नको' अशी सोय करून बघायला त्यांनी घेतली होती. उत्तमच. पण बाजूलाठेव्यांना ती कशी अडवणार? त्यांनी राजकारण बाजूला ठेवलेलंच असतं. ज्या बाजूला ठेवलेलं असतं ती माझी असते, एवढंच.

मी शेवटी हात जोडून लिहिलं, "सर, हा विषय इथे थांबवू या का?" त्यावर त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्य काढलं. अमेरिकेच्या घटनेतली १७९१ ची पहिली दुरुस्ती काढली. मला ती ठाऊक आहे. ती सरकारला सांगते, माणसाचं तोंड दाबू नकोस. एचआरला ती काही सांगत नाही. एचआर तोंड दाबतही नाही, फक्त दार लोटून घेतं.

तर ते दार. मी मॅडमना म्हटलं, "अहो, ते एक्सेल आहे." मॅडम म्हणाल्या, "मी बघितलं. पण लोकांना ते राजकीय वाटलं ना?" म्हटलं, "लोकांना नाही, एका माणसाला वाटलं." "एकशे बेचाळीस कमेंट आहेत," त्या म्हणाल्या. मी सांगितलं की त्यातल्या साठ त्यांच्याच असतील. मॅडमनी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "धोरण हा शब्द टाळता आला असता."

आता जे सांगणार आहे ते विनोदी नाही, तेव्हा हवं तर खालच्या परिच्छेदावर जा. आमच्या वरच्या साहेबांनी गेल्याच महिन्यात एका मंत्र्याबरोबर फोटो टाकला. हस्तांदोलन करताना, दोघेही कॅमेऱ्याकडे बघत. खाली लेख, पोस्टला तीन हजार अक्षरांची मर्यादा असते ती गाठेपर्यंत. सरकारची दूरदृष्टी, देशाची दिशा, सगळं. त्यावर पहिल्या टाळ्या याच मॅडमच्या. मी तेही काढलं. त्या म्हणाल्या, "ते राजकारण नाही, ते व्हिजन आहे." म्हणजे आपल्या नावाची केबिन असेल तर व्हिजन, आणि केबिनमध्ये बोलावून घेतलं जात असेल तर राजकारण. अकरा वर्षं जीभ चावून बसलो ती कशासाठी? तोंड उघडून ओरडा खाल्ला असता तर निदान तोंड उघडल्याचं सुख तरी मिळालं असतं. मेव्हण्याला हे सांगितलं तर तो हसला. त्याचंही एक मत होतं. असो.

पोस्ट काढून टाकली. एकशे बेचाळीस कमेंट एका अंगठ्यात गेल्या, आणि त्याबरोबर माझी युक्तीही. शेजारचा सहकारी विचारत होता, ते निळं कसं करायचं? म्हटलं, हळू बोल.

रात्री बाजूलाठेव्यांचा निरोप आला. पहिल्या दिवशी "आपण समविचारी दिसता" म्हणून त्यांनी कनेक्शनची विनंती पाठवली होती, आणि गडबडीत मी ती स्वीकारून बसलो होतो. आता लिहिलं होतं, "पोस्ट दिसत नाही. दबाव आला का? राजकारण बाजूला ठेवून सांगा." मी उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला.

फार पूर्वी प्रोफाइल भरताना जागा रिकामी दिसू नये म्हणून मी कौशल्यांत 'एक्सेल'च्या खाली 'वाटाघाटी' असंही लिहून ठेवलं होतं. त्याला आजवर एकाही माणसाने दुजोरा दिला नव्हता. द्यावा असं काही मी केलेलंही नव्हतं. तो आज आला. हाताची घडी घातलेला फोटो, आणि शेजारी : यांनी तुमच्या 'वाटाघाटी' या कौशल्याला दुजोरा दिला आहे.

असा दुजोरा लपवता येतो. बटण कुठे असतं तेही मला माहीत आहे. पण अजून दाबलेलं नाही. पुढच्या महिन्यात पगारवाढीची बैठक आहे.