सैनिकाचं नाव आणि मजुराची पाटी

आयरिश लेखक पॅट्रिक मॅकगिल हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नसेल. गेले दोन आठवडे मी त्याचंच वाचतोय, आणि एक गोष्ट मनातून जातच नाहीये.

आयर्लंडच्या वायव्येला डोनेगल. तिथल्या ग्लेंटीजजवळच्या खेड्यातला हा मुलगा, 11 भावंडांत थोरला. बाराव्या वर्षी त्याला स्ट्रबेनच्या बाजारात उभं केलं. तो बाजार गुरांचा नव्हता, गड्यांचा होता. मे आणि नोव्हेंबरात भरायचा. शेतकरी यायचे, पोराचे दंड चाचपायचे, सहा महिन्यांची बोली करून घेऊन जायचे. आई-बापाने काय डोळ्यांनी ते बघितलं असेल!

चौदाव्या वर्षी बोटीने स्कॉटलंड, बटाटे काढणाऱ्या टोळीत. मुकादमामागून या शेतातून त्या शेतात, दिवसभर चिखलात गुडघ्यावर, रात्री मालक देईल त्या गोठ्यात पेंढ्यावर. (हे त्याच्या पिढीबरोबर संपलं नाही. 1937 साली कर्किंटिलॉकला अशाच मुक्कामाच्या जागी आग लागली आणि आयर्लंडच्या अचिल बेटावरून बटाटे काढायला आलेली 10 पोरं गेली.)

मग तो खोदकामावर लागला, स्कॉटलंडमधल्याच किनलॉकलेव्हनला. अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून तिथे डोंगरात ब्लॅकवॉटर धरण बांधत होते, 1905 ते 1909. कुदळ, फावडं, सुरुंग, आणि राहायला झोपड्या. धरणापाशी तिथल्या मजुरांचं छोटं कबरस्तान आहे. काँक्रीटच्या ओबडधोबड पाट्या. काहींवर नावं आहेत. एकीवर नुसतं 'माहीत नाही'.

मॅकगिल मात्र लिहू लागला. 1911 च्या सुमारास स्वतःच्या कविता छापून दारोदार विकल्या, लंडनच्या वर्तमानपत्रात गेला, तिथून थेट विंडसर किल्ल्याच्या ग्रंथालयात. 1914 ला युद्ध लागलं आणि तो लंडन आयरिश रायफल्समध्ये भरती झाला. तेव्हा तो उपाशी नव्हता, म्हणून भुकेने त्याला रणांगणावर नेलं असं मी म्हणणार नाही. पण इतर कितीजणांचं तसं झालं! आयर्लंडमध्ये सक्तीची भरती कधीच लागू झाली नाही, तरी 2 लाखांवर आयरिश त्या युद्धात होते. आयरिश कामगार नेता जेम्स कॉनलीने याला पोटाची सक्ती म्हणून ठणकावलं होतं, आणि मला ते पटतं.

25 सप्टेंबर 1915, फ्रान्समधलं लूस. लंडन आयरिशच्या जवानांनी फुटबॉल लाथाडत चढाई केली, हा किस्सा सगळे सांगतात. मॅकगिल त्या दिवशी स्ट्रेचर वाहत होता. पुढच्याच महिन्यात जखमी होऊन परतला. युद्धाबद्दल त्याने लिहिलेलं वाचताना जाणवतं की हा माणूस खंदकाकडे मजुराच्या नजरेने बघतो. खणणं, वाहणं, ओलं अंग, कमी झोप. हे सगळं त्याला बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं.

आणि आता मनातून न जाणारी गोष्ट. लूसच्या स्मारकावर 20 हजारांवर नावं कोरलेली आहेत, ज्यांची कबर सापडली नाही अशा सैनिकांची. प्रेत मिळालं नाही, पण नाव मिळालं, पलटण मिळाली. धरणावर नेमकं उलटं झालं. प्रेत हाती होतं, पुरलंसुद्धा, आणि नाव नाही! गणवेश चढवला की त्याच खणणाऱ्या हातांची नोंद ठेवता येते, हे युद्धाने सिद्ध केलं. मग धरणावर का नाही ठेवली? ठेवावीशी वाटली नाही, एवढंच उत्तर मला दिसतं. सैनिकांची नावं कोरली याचा मला मनापासून आदर आहे. माझा राग त्या दुसऱ्या पाटीबद्दल आहे.

मॅकगिल 1930 मध्ये अमेरिकेला गेला, 1963 ला तिथेच वारला. ग्लेंटीजमध्ये पुलावर त्याचा पुतळा आहे. किनलॉकलेव्हनचा कारखाना 2000 साली बंद झाला. त्या धरणाच्या पाण्यावर वीज अजून तयार होते.