कुठलीही कल्पना वाईट नसते

परवा आमच्या प्रशिक्षण केंद्रात उद्योगाच्या नव्या कल्पनांवर कार्यशाळा झाली. मुलांना स्फूर्ती यावी म्हणून आम्हा निदेशकांनाही चिठ्ठ्या वाटल्या. मी वेल्डिंग शिकवतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "कुठलीही कल्पना वाईट नसते." हे त्यांनी दारात किटली घेऊन उभ्या असलेल्या मामांना सांगायला हवं होतं.

मामांचा चहाचा गाडा फाटकाबाहेर आहे. केंद्राशी त्यांचा संबंध एवढाच. पण कोल्हापुरात सल्ला द्यायला नेमणूकपत्र लागत नाही.

पहिला पोरगा म्हणाला, मिसळीचा गाडा.

"कुठं? हितं माणसापरीस मिसळी जास्त हायत."

दुसरा म्हणाला, कोल्हापुरी चपला ऑनलाइन.

"2019 ला जीआय, म्हंजी अस्सल हितल्या मालाचा शिक्का मिळाला, 2025 ला इटलीच्या प्राडा फॅशन कंपनीनं मिलानमध्ये दाखवल्या. करनाऱ्याच्या हातात काय आलं, ते इचार आधी."

शिरोळचा एक लाजाळू पोरगा उठला. पुराआधी नदीवरच्या मोटरी वर ओढायला घडीची ट्रॉली करणार म्हणाला. 2019 आणि 2021 चा पूर त्यानं घरातूनच पाहिलेला. मामा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "आनि पूर न्हाई आला तर हप्ता कोन भरनार? पंचगंगा?"

मग मी. उसाच्या ट्रॉलीमागं लावायची, लाल रिफ्लेक्टरची काढघाल चौकट. रात्री त्या अंधाऱ्या ट्रॉल्यांमागून स्कूटर चालवली असेल त्याला गरज सांगायला नको.

"सर, ट्रॅक्टरवाला नंबरप्लेट लावंना, तुमची चौकट लावनार व्हय?"

वर्गात हशा फुटला. माझेच विद्यार्थी, इलेक्ट्रोड कसा धरायचा ते मी शिकवलेले! मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "याला म्हणतात मार्केट रिसर्च." पाहुण्यांसाठीचा जादा गुच्छ मामांना, मला सहभागाचं प्रमाणपत्र. त्यावर नावही चुकलेलं.

मग योजना. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प, सेवेला 20 लाख, अनुदान 15 ते 35 टक्के. पडद्यावर छान दिसतं. स्वतःचा वाटा मात्र सर्वसाधारण गटाला 10 टक्के, विशेष गटाला 5. म्हणजे दहा लाखांच्या वर्कशॉपला आधी लाखभर खिशात हवेत. आमची पोरं शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभी राहून स्टायपेंडवर दिवस काढतात. लाख कुठून आणणार? आणि कल्पना काढा काढा म्हणणारे लोक वर्कशॉपला वेल्डिंग रॉड मोजून देतात. सरावाला पत्रा मागितला की 'पुढच्या तिमाहीत'. गुच्छाला तिमाही लागत नाही.

बाहेर आलो तर मामा त्या शिरोळच्या पोराला कोपऱ्यात धरून उभे.

"ट्रॉली कर तू. पयली माझ्या चिखलीच्या भावाला दे."

पोरगा खुलला. "किती देतील मामा?"

"आधी पूर तर येऊ दे. मग बगू."