हिरवं पाणी उकळलं की झालं? नाही.

‘धरणाच्या पाण्यावर हिरवा तवंग आला तर वीस मिनिटं उकळा, विष मरतं’ असा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

उकळल्याने जंतू मरतात, खरं. पण असा तवंग आणणाऱ्या नील-हरित शैवालाचं विष, मायक्रोसिस्टिन, हे जंतू नव्हे, रसायन आहे. ते उकळूनही टिकतं. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं आणि पाणी आटेल तसं दाट होतं. अमेरिकेतल्या टोलिडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातलं हेच विष नळाला आलं, तेव्हा ‘पिऊ नका, उकळूही नका’ असंच सांगितलं गेलं.

मेसेजला जोडलेला फोटो तर गोदावरीतल्या पाणवेलीचा! ती शैवाल नव्हेच. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर दोन्ही पोसतात, एवढंच साम्य.

प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं. काडीने उचलल्यावर धाग्यांसारखं लोंबतं ते बहुधा साधं शेवाळ. रंग सांडल्यासारखं पसरतं त्याचा संशय घ्यावा. डोळ्यांनी खात्री होत नाही, तपासणीच लागते. तोवर गुरं-कुत्रीही त्या पाण्यावर सोडू नका.