राउटरचं बारीक भोक आणि पाच ‘रामबाण’ उपाय

घरात नवा कॉम्प्युटर आला आणि नेट चालेना, की ग्रुपवरचा एक मेसेज हमखास कुणीतरी पाठवतं. ‘कंपनीवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात आणि खाली पाच उपाय. राउटर रीसेट करा. विंडोजने दाबून ठेवलेलं २० टक्के नेट सोडवून घ्या. डीएनएस बदला, स्पीड दुप्पट होईल. फायरवॉल बंद करा. आणि एवढं करूनही मोबाईलला नेट आहे पण कॉम्प्युटरला नाही, तर कॉम्प्युटरच खराब, दुकानात परत द्या.

आमच्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, गेल्या महिन्यात असेम्बल केलेला कॉम्प्युटर आणला आणि पहिले चार उपाय ओळीने करून पाहिले. पाचव्यासाठी रिक्षा बोलवायच्या आधी मावशीने मला फोन केला, म्हणून हे लिहितोय.

रीसेटपासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त वाटोळं याच उपायाने होतं. रीस्टार्ट आणि रीसेट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. राउटरचं बटण बंद करायचं, अर्धा मिनिट थांबायचं, चालू करून दोन-तीन मिनिटं वाट बघायची, हा झाला रीस्टार्ट. तो खुशाल करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन खुपसून दहा सेकंद दाबून धरणं म्हणजे रीसेट. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड जातो, तो एक वेळ चालेल. राउटरखालच्या स्टिकरवर मूळचा छापलेला असतो. पण पुष्कळ कनेक्शनांत कंपनीने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असतो, त्यावरच तुमचं लॉगिन होतं. तोही जातो, आणि तो कुठल्याही स्टिकरवर नसतो. म्हणजे एका कॉम्प्युटरचं नेट आणायला गेलात आणि अख्ख्या घराचं घालवून बसलात.

२० टक्क्यांची गोष्ट विंडोज एक्सपीच्या काळातली, मायक्रोसॉफ्टने तेव्हाच खोडून काढलेली. एखाद्या प्रोग्रॅमने ‘मला आधी जाऊ द्या’ अशी मागणी केली, तर जास्तीत जास्त किती वाट त्याच्यासाठी राखायची, एवढंच ती सेटिंग ठरवते. मागणी नसेल तेव्हा सगळी वाट सगळ्यांची. शिवाय ही सेटिंग ज्या खिडकीत शोधायला सांगतात, ती विंडोजच्या होम आवृत्तीत येतच नाही. काकांनी ती तासभर शोधली. कॉम्प्युटरवर होमच होतं.

डीएनएसच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणं हे डीएनएसचं काम. ८.८.८.८ ही गूगलची सेवा २००९ पासून आहे आणि चांगली आहे. पण पत्ता लवकर सापडला म्हणून रस्ता रुंद होत नाही; साइट उघडायला क्षणभर लवकर सुरुवात होईल, डाउनलोडचा वेग तोच राहणार.

फायरवॉल, म्हणजे नेटवरून आत घुसू पाहणाऱ्याला अडवणारा पहारेकरी, मात्र बंद करू नका. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, कुणी काही क्लिक न करताही, नुसत्या नेटला जोडलेल्या मशीनांत शिरकाव केला होता. पुढच्या वर्षी एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. नव्या कॉम्प्युटरवर अपडेट्स उतरायचे असतात, म्हणजे तो पहिल्या दिवशीच सगळ्यात कच्चा. शिवाय विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बाहेरून येणाऱ्याला अडवते. तुमच्या ब्राउझरला बाहेर जायला ती आडवी येत नाही.

आता पाचवा. काकांचं म्हणणं तेच होतं, “अरे, मोबाईलला व्यवस्थित चालतंय!” मी मोबाईल हातात घेतला. रीसेटनंतर वायफायचं नावच बदललं होतं, त्यामुळे फोन गुपचूप सिमच्या डेटावर चालत होता.

मग कॉम्प्युटर पुढे ओढून मागे पाहिलं. मदरबोर्डच्या पत्र्यावर दोन सोनेरी आटे, दोन्ही उघडे. अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात, तळाशी, न फोडलेल्या पिशवीत. फोनचा अँटेना पोटातच असतो, डेस्कटॉपचा असा बाहेर लावावा लागतो. तो नसला तर शेजारच्या खोलीतल्या राउटरचीही जेमतेम एक रेघ दिसते. अँटेना फिरवून बसवले, रेघा भरल्या. मूळ दुखणं एवढंच होतं.

रेघा भरल्या तरी नेट नव्हतंच. रेघा फक्त कॉम्प्युटर ते राउटर एवढंच सांगतात. म्हणून कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं; राउटरने कॉम्प्युटरला कोणता पत्ता दिलाय ते त्यात दिसतं. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही असं समजायचं. इथे १९२.१६८.१.५ होता. राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक दिली, उत्तर आलं. ८.८.८.८ ला केलं, काही नाही. म्हणजे घोडं राउटरच्या पलीकडे अडलेलं. (याला उत्तर येऊन नुसती नावं उघडत नसती, तर डीएनएस बदलायचा सल्ला शहाणपणाचा ठरला असता.) राउटरवर फायबरची जोडणी दाखवणारा पॉनचा दिवा स्थिर हिरवा, सिग्नल तुटला की लागणारा एलओएसचा लाल दिवा विझलेला, म्हणजे फायबर शाबूत. इंटरनेटचा दिवा तेवढा लागेना. लॉगिनच पुसलेलं, तो लागणार कसा?

अँटेना बसवायला दीड मिनिट लागलं. यूजरनेम मावशीला जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेलं सापडलं, पासवर्ड कुठेच नव्हता. तो भरायला कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला.