‘याला वनवास म्हणत नाहीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘परखड’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी माझ्या मागच्या लेखावर भलीमोठी प्रतिक्रिया दिली आहे. लेख होता तुर्कस्तानच्या उस्मानी राजघराण्यातले शेवटचे खलिफा, म्हणजे मुस्लिम जगाचे धर्मप्रमुख, अब्दुलमजीद, त्यांचा मुलगा शहजादा ओमर फारूक आणि 1924 साली तुर्कस्तानातून बाहेर काढलेल्या त्यांच्या कुटुंबावर. एरवी मी प्रतिक्रियेखालीच चार ओळी लिहून मोकळी होते. या वेळी तिथे मावेना, म्हणून वेगळं लिहिते आहे.

प्रतिक्रियेचा गोषवारा असा. मी रेल्वे स्टेशनचं नाव चुकवलं. ज्या घराण्यात गादीसाठी भावांचे गळे आवळले गेले आणि ज्यांच्या राज्यात 1915 ला आर्मेनियन लोकांचं शिरकाण झालं, त्यांच्यासाठी मी अश्रू ढाळले. या मंडळींचा फ्रान्समधला खर्च हैदराबादच्या निजामाने, म्हणजे पर्यायाने मराठवाड्याच्या रयतेने उचलला, आणि ते मी एका ओळीत गुंडाळलं. शेवटचं वाक्य तसंच्या तसं देते : ‘ताई, राजवाड्यातून उठून समुद्रकाठच्या बंगल्यात राहायला गेले, याला वनवास म्हणत नाहीत. भावनेच्या भरात लिहिण्याआधी जरा इतिहास वाचा.’

स्टेशनचं मान्य. इस्तंबूलची आगगाडी म्हटलं की सिर्केजी स्टेशन डोळ्यांसमोर येतं आणि मी तेच लिहून बसले. खलिफांना तिथून नेलंच नव्हतं. सिर्केजीला गर्दी जमेल, लोक रडतील-ओरडतील, या धास्तीने त्यांना दोल्माबाहचे राजवाड्यातून भल्या पहाटे मोटारीने शहराबाहेर, थेट चाताल्जा स्टेशनला नेलं. चूक माझी, आणि दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ‘ताई’. या शब्दाला माझी अजिबात हरकत नाही. सख्खे-चुलत मिळून मला पाच भाऊ आहेत आणि ते दिवसातून दहा वेळा ताई म्हणतात. पण ताई म्हणायचं आणि त्याच दमात ‘जरा वाचा’ म्हणून शाळेतल्या पोरीसारखं झापायचं, ही कुठली रीत? हाच लेख एखाद्या पाटीलसाहेबांनी लिहिला असता तर तुम्ही ‘सर, संदर्भ मिळेल का?’ असं विचारलं असतंत. नऊ वर्षं मी या एका कुटुंबाचा माग काढते आहे. नोकरी, घर आणि सासऱ्यांचं आजारपण सांभाळून, रात्री जेवणं आटोपल्यावर. भावनेचा भर नऊ वर्षं टिकत नाही, परखडसाहेब.

आणि तुमचं ते वाक्य. बाकी सगळं एकवेळ सोडून देईन, हे सोडणार नाही.

3 मार्च 1924 ला अंकाराच्या संसदेने 431 क्रमांकाचा कायदा केला. खिलाफत रद्द, आणि उस्मानी घराण्याचे सगळे लोक देशाबाहेर. यातला ‘सगळे’ हा शब्द जरा नीट बघा. पुरुष, बायका, जावई, इतकंच काय, घराण्यातल्या लेकींच्या पोटी जन्मलेली मुलंसुद्धा. तुर्कस्तानात राहण्याचा हक्क कायमचा गेला, नागरिकत्व गेलं. निघायला जास्तीत जास्त दहा दिवस. खुद्द खलिफांना तर एक रात्रसुद्धा पुरती मिळाली नाही. कोणी काय केलं, कोण कुठल्या बाजूला होतं, याची चौकशी नाही. जन्म कोणत्या घरात झाला, एवढंच बघितलं.

ओमर फारूकचंच घ्या. जन्म 1898 चा. व्हिएन्ना आणि पॉट्सडॅमला शिकलेला, पहिल्या महायुद्धात जर्मन फौजेतून लढलेला. महायुद्ध हरल्यावर इस्तंबूल परकीय फौजांच्या ताब्यात असताना तो फेनरबाहचे क्लबचा अध्यक्ष झाला. होय, तोच फुटबॉलवाला फेनरबाहचे. आणि 1921 मध्ये हा शहजादा कोणाला पत्ता लागू न देता बोटीने काळ्या समुद्रावरच्या इनेबोलू बंदराला जाऊन पोचला. कशासाठी? मुस्तफा कमाल, म्हणजे पुढचे अतातुर्क, यांच्या स्वातंत्र्ययुद्धात सामील व्हायला. त्याचा सासरा इस्तंबूलच्या तख्तावर सुलतान म्हणून बसलेला, आणि जावई निघाला तिकडे अनातोलियात लढायला! अंकाराहून मुस्तफा कमाल यांनी त्याचे आभार मानले आणि गोड शब्दांत परत पाठवलं. तीन वर्षांनी त्याच अंकाराच्या कायद्याने त्याला देशाबाहेर काढलं. तुमच्या लेखी तो ‘बंगल्यात राहायला’ गेला.

त्या दिवसाचं मागच्या लेखात जागेअभावी सांगायचं राहिलं होतं, ते आता सांगते. चाताल्जाला मंडळी पोचली तेव्हा गाडी यायला बराच वेळ होता. खलिफा, त्यांच्या बेगमा, ओमर फारूक आणि त्याची दहा वर्षांची बहीण दुर्रूशेहवार, सगळी तिथे ताटकळत बसलेली. स्टेशनमास्तर ज्यू होता. त्याने सगळ्यांना आपल्या घरात बसवलं, चहापाणी केलं. खलिफांनी आभार मानले तेव्हा तो म्हणाला की स्पेनमधून हाकललेल्या आमच्या पूर्वजांना तुमच्या घराण्याने आसरा दिला होता, आज तुमच्यासाठी एवढं करणं हे आमचं कर्तव्यच आहे. खलिफांच्या बरोबर गेलेल्या चिटणिसांनी हा प्रसंग आठवणींत नोंदवून ठेवला आहे. मी तो वाचला त्या रात्री पुढचं पान उलटलं नाही. इतिहास वाचणं म्हणजे माझ्या लेखी हेच.

ओमर फारूकची बायको सबिहा सुलतान मुलींना घेऊन काही दिवसांनी निघाली. थोरली नेस्लिशाह नुकती तीन वर्षांची झाली होती. धाकटी हानजादे सप्टेंबर 1923 ची, म्हणजे अंगावर पिणारी. राजघराण्यातल्या जन्मांची नोंद ज्या वहीत होत असे, तिच्यात सल्तनत संपायच्या आधी शेवटचं नाव चढलं ते या नेस्लिशाहचं. तिसरी मुलगी नेजला 1926 ला फ्रान्समधल्या नीस शहरात जन्मली. तिच्या नोंदीसाठी ना वही उरली होती, ना देश. या तिघींपैकी कोणी कोणाचा गळा आवळला होता, ते मला तुम्ही सांगा.

बंगल्याचं म्हणाल तर स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवरच त्यांना अडवून ठेवलं होतं, कारण एकाहून अधिक बायका असलेल्या माणसाला तिथला कायदा आत घेत नव्हता. कालपर्यंतचा खलिफा, आणि परक्या देशाच्या दारात अंमलदार त्याच्या बायका मोजताहेत. पुढे सगळे नीसला आले. घर होतं, समुद्र होता, नाही कुठे म्हणते मी? पण अब्दुलमजीद 23 ऑगस्ट 1944 ला पॅरिसमध्ये वारले, तेव्हा त्यांना पुरायचं कुठे हा प्रश्न दहा वर्षं सुटला नाही. दुर्रूशेहवारने तुर्कस्तान सरकारकडे खेटे घातले. परवानगी मिळाली नाही. दहा वर्षं त्यांची शवपेटी पॅरिसच्या मशिदीत ठेवलेली होती. शेवटी 1954 ला मदिनेत दफन झालं. आपल्या खुलताबादला त्यांच्यासाठी बांधलेली कबर आहे, तीही रिकामीच राहिली. मी ती पाहिली आहे. टळटळीत उन्हात एकटीच उभी होते तिथे. वारलेल्या बापाला दहा वर्षं माती मिळत नसेल, तर लेकीने बंगल्यातल्या समुद्राचं काय करायचं?

आता थोडं घरचं. हे लिहायचं नव्हतं, पण तुमच्या ‘जरा वाचा’ने भाग पाडलं.

माझं माहेर मराठवाड्यातलंच. आजोबांचं गाव धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. सरकारने नव्या गावठाणात प्लॉट दिला, मोबदला दिला, वडिलांनी त्यावर स्लॅबचं घर बांधलं. जुन्या धाब्याच्या घरापेक्षा कितीतरी चांगलं. नळ घरात, संडास घरात. येणारेजाणारे म्हणायचे, ‘म्हातारे, तुझं तर सोनं झालं.’ आजी काही बोलायची नाही. पण संध्याकाळी डास यायला लागले की मला हाक मारून सांगायची, ‘ओढ्याकडची खिडकी लाव गं.’ त्या घराच्या आसपास ओढा नव्हता. चार-पाच किलोमीटरवरसुद्धा नव्हता. मी लहानपणी विचारायचे, आजी, ओढा कुठाय? ती म्हणायची, ‘लाव म्हटलं ना.’ आणि मला बरोब्बर ठाऊक असायचं कोणती खिडकी ते. ती गेली त्या वर्षापर्यंत आमच्या घरात ओढ्याकडची खिडकी होती, वेशीकडचं दार होतं आणि मारुतीकडची भिंत होती. आज ते घर भावाकडे आहे आणि त्याची मुलंही ‘ओढ्याकडची खिडकी’च म्हणतात. त्यांना तर ओढा ऐकूनही माहीत नाही.

म्हणून घर चांगलं मिळालं म्हणजे झालं, असं मला कोणी सांगू नये. तुम्ही तर अजिबात सांगू नये. मराठवाड्याचं नाव घेऊन लिहिता तुम्ही, आणि उठलेल्या गावातलं एक म्हातारं माणूस कधी बोलतं केलं नाहीत?

‘राजकन्या कुठे आणि तुमची आजी कुठे’, हेही कोणीतरी म्हणेलच. म्हणा. माझ्या आजीच्या शेजारी नेस्लिशाहला बसवायला मला काहीच अडचण वाटत नाही. ती पोर पुढे इजिप्तच्या राजघराण्यात दिली. 1940 ला लग्न, नवरा शहजादा अब्दुल मोनेम. 1952 ला तिथे क्रांती झाली, नवरा काही महिने बाल-राजाचा प्रतिपालक होता, मग तेही राज्य बुडालं. 1957 ला कटाच्या आरोपावरून नवराबायकोला अटक झाली, खटला चालला, आणि सुटल्यावर इजिप्तही सोडावा लागला. एका जन्मात दोन देश सुटले. शेवटी ती इस्तंबूलला परतली आणि 2012 ला, एक्क्याण्णव वर्षांची होऊन, तिथेच गेली.

भावांचे गळे आवळण्याची प्रथा जुन्या शतकांतली. ती मी नाकारलेली नाही आणि माझ्या लेखाचा तो विषयही नाही. 1915 चं म्हणाल तर ते भयंकर होतं, यात वाद नाहीच. पण तेव्हा खरी सत्ता राजघराण्याच्या नव्हे, तर ‘तरुण तुर्क’ नावाच्या राजकीय गटाच्या टोळक्याच्या हातात होती. त्याचा जाब या शहजाद्याकडे आणि त्याच्या तान्ह्या लेकीकडे मागायचा असेल तर मग बोलणंच खुंटलं.

निजामाच्या पैशाबद्दल. महिन्याला 300 पौंडांचा तनखा, तो मी माझ्या लेखात दिला होता. 12 नोव्हेंबर 1931 ला नीसमध्ये दुर्रूशेहवारचं निजामाच्या थोरल्या मुलाशी, आजमजाह यांच्याशी लग्न झालं, तेही दिलं होतं. पैसा रयतेचा होता, हे मला सांगायची गरज नाही. माझ्या पणजोबांनीही निजामालाच सारा भरला आहे आणि दुष्काळातही भरला आहे. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल, ते लिहीन तेव्हा लिहीन. एका लेखात सगळं का नाही, असं विचारणाऱ्यांनी कधी एक लेख लिहून बघावा.

ओमर फारूकचं शेवटचं राहिलं. 1938 ला कुटुंब इजिप्तला आलं. 1948 ला सबिहा आणि त्याचा काडीमोड झाला. 1952 ला तुर्कस्तानने घराण्यातल्या बायकांना परत यायची मुभा दिली, सबिहा इस्तंबूलला परतली आणि 1971 ला तिथे वारली. पुरुषांवरची बंदी उठायला 1974 उजाडावं लागलं. ओमर फारूक कैरोत मार्च 1969 ला गेला, म्हणजे पाच वर्षं आधी. पंचेचाळीस वर्षं तो ज्या गावात पाऊल ठेवू शकला नाही, तिथे 1977 ला त्याची शवपेटी नेली आणि सुलतान महमूद दुसऱ्याच्या मकबऱ्याच्या आवारात पुरली.

लेखात सिर्केजीच्या जागी चाताल्जा अशी दुरुस्ती आज सकाळी केली आहे. ‘वनवास’ हा शब्द बदललेला नाही.